टाच घासायला मोर

तीन दिवस एका मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन अडलंय. क्लायंटला ‘काहीतरी हटके’ हवंय. हटके म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येत नाही. शेवटी आज लॅपटॉप मिटला आणि बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात जाऊन आलो.

शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा फक्त मस्तानी महाल लक्षात राहिलेला. आज अडकित्त्यांपाशीच तासभर अडकलो. सुपारी बिजागरीला अगदी चिकटून ठेवायची, दांडे लांब, म्हणून बोटांच्या जोरावर कडक सुपारी फुटते. तेवढ्यावर भागलं असतं की! पण नाही, कुणीतरी त्या पात्याला पक्ष्याचा डौल दिलाय. आणि वज्र्या! खालून खरखरीत, टाच घासायला. वर धरायला चक्क मोर. न्हाणीघरातल्या वस्तूचे एवढे लाड?

दिनकर केळकरांनी असल्या वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या आणि संग्रहालयाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. ती पाटी वाचून जरा वेळ तसाच उभा राहिलो.

घरी आल्यावर आईची विळी नव्याने बघितली. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे, भाजी त्याच पात्यावर, नारळही त्याच्याच टोकाशी. माझ्या पाकिटाला मात्र उघडायला कात्री लागते, हे तेव्हा सुचलं.

आत्ता जमिनीवर बसून विळीची स्केचेस काढतोय. आई म्हणतेय, “झालं असेल तर ती दे इकडे, कांदा चिरायचाय.”