बिटाचा प्रयोग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलन, सहली आणि कबड्डीचे सामने यांवर लिहिणारे पुष्कळ जण असतील, हे गृहीत धरून मी अकरावीतल्या एका प्रात्यक्षिकाविषयीच लिहायचे ठरवले. ‘वनस्पतिपेशींच्या पटलाच्या पार्यतेवर तापमानाचा होणारा परिणाम’ हे त्याचे प्रयोगवहीतले भारदस्त नाव; पार्यता म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, म्हणजे पटलातून, पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता. आम्ही त्याला ‘बिटाचा प्रयोग’ म्हणत असू.

साहित्य साधे होते. बाईंनी आठवडे बाजारातून आणलेल्या बिटांत बुचाला भोक पाडण्याची पितळी नळी दाबून आम्ही लालभडक कांड्या काढल्या आणि ब्लेडने त्यांच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या केल्या. त्या नळाखाली, पाण्यात रंग उतरायचा थांबेपर्यंत धुवायच्या, मग प्रत्येक परीक्षानळीत पाच याप्रमाणे घालून 30 पासून 80 अंश सेल्सिअसपर्यंत दहा-दहा अंशांच्या अंतराने तापवलेल्या पाण्यात वीस मिनिटे ठेवायच्या, अशी कृती होती. आमच्याकडे रंगाची गडदता मोजणारे यंत्र, कलरीमीटर, नव्हते. म्हणून बाईंनी बिटाचा रस पाणी घालून क्रमाक्रमाने पातळ करत दहा नळ्यांची एक रंगपट्टी तयार केली होती आणि तिच्याशी ताडून, मागे पांढरा कागद धरून, आम्ही आमच्या नळ्यांना अंक देत होतो.

धुण्याच्या पायरीचा मला कंटाळा आला. चकत्या चंचुपात्रात एकदा खळबळून मी सरळ नळ्यांत टाकल्या. परिणामी, शेजारच्या गटाची 30 अंशांची नळी स्वच्छ राहिली असताना माझी मात्र सरबतासारखी गुलाबी झाली. बाईंनी ती खिडकीकडे धरून शांतपणे विचारले, “हा रंग उष्णतेने बाहेर आला, की तुझ्या ब्लेडने, गं?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी उत्तर दिलेही नाही. सगळे पुन्हा करायला लावले आणि तास संपला तरी मला एकटीला थांबवून घेतले.

दुसऱ्या खेपेस नळाखाली चकत्या धरून दहा मिनिटे उभी राहिले तेव्हा कुठे त्या प्रश्नाचा अर्थ लागला. बिटाचे बीटानिन हे रंगद्रव्य पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, साठवलेले असते आणि ते पाण्यात सहज विरघळते. तरीही ते बाहेर येत नाही, कारण त्याच्या वाटेत रिक्तिकेचे पटल आणि त्याबाहेरचे, सगळ्या पेशीला वेढणारे प्रद्रव्यपटल अशी दोन पटले असतात. पेशीभित्तिका कितीही भक्कम दिसली तरी या रंगाला अडवण्याचे काम तिचे नव्हे. ब्लेडखाली आलेल्या पेशी फुटतात, त्यांचा रंग धुऊन जातो, आणि उरलेल्या अखंड पेशींतून जे झिरपेल तेवढेच पटलाविषयी काही सांगू शकते.

या वेळी 30 आणि 40 अंशांच्या नळ्यांत जवळजवळ काहीच उतरले नाही, 50 ला फिकट गुलाबी झाक आली आणि 60 च्या नळीत रंग एकदम गडद झाला. आलेखाचे बिंदू पट्टीने जोडायला निघालेल्या मैत्रिणीची रेघ बाईंनी स्वतः खोडली. वक्र हातानेच काढायचा आणि तो जिथे वळतो तिथेच थांबून विचार करायचा, असा त्यांचा आग्रह होता. 80 अंशांच्या नळीला आलेली किंचित तपकिरी छटा म्हणजे उष्णतेने रंगद्रव्यच मोडू लागल्याची खूण, हेही त्यांनी समासात लिहायला लावले.

कारण सांगताना त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर आणि त्यात तरंगणारी प्रथिने. हे चित्र सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये मांडले. तापमान वाढले की मेदाचा थर सैल, अधिक वाहता होतो; आणि पुढे, अंड्याचा पांढरा बलक गरम तव्यावर थिजतो तशी, प्रथिनांची घडी मोडते व पटलाला भगदाडे पडतात. उलट, थंडीत तूप गोठते पण शेंगदाण्याचे तेल वाहते राहते, तसाच फरक निरनिराळ्या वनस्पतींच्या पटलांतल्या मेदांत असतो. केळे फ्रिजमध्ये काळे पडते ते याचमुळे: उष्ण प्रदेशातल्या त्या फळाचे पटल साधारण 13 अंशांखालीच बिघडू लागते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवलेली एक चकती आणली. साध्या पाण्यात टाकताच तिच्यातून रंगाचे लोट निघाले. बर्फाने पटले फाटली होती. उष्णतेचा इथे संबंधच नव्हता. निफाड तालुक्यातल्या आम्हा मुलींना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. जानेवारीत पारा 4 अंशांच्या खाली उतरला की वडील पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत आणि ठिबकने पाणी सोडत. दव गोठलेल्या पहाटेनंतर ऊन चढताच वेलीची कोवळी पाने उकडल्यासारखी ओली, काळपट दिसत. ती तशी का दिसतात, हे मला त्या चकतीने सांगितले.

पुढे मी गव्हाच्या उष्णता सोसण्याच्या क्षमतेवर काम करू लागले, आणि रोजची पद्धत पाहते तर तोच बिटाचा प्रयोग, फक्त रंगाऐवजी क्षारांचा. पानाच्या चकत्या ऊर्ध्वपातित पाण्यात तापवायच्या, पटलातून झिरपलेल्या क्षारांमुळे वाढलेली पाण्याची विद्युतवाहकता मोजायची, नंतर त्याच चकत्या उकळून सगळ्या पेशी फोडायच्या आणि पुन्हा मोजायचे. पहिला आकडा दुसऱ्याच्या किती टक्के, त्यावरून वाणाचे पटल कितपत टिकले ते ठरते. त्यातही पहिली पायरी चकत्या धुण्याचीच आहे आणि नवी मुले तीच उरकून टाकतात.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, किती वेळ धुवायच्या?” मी सवयीने म्हणाले, “पाण्यात रंग उतरायचा थांबेपर्यंत.” ती हातातल्या हिरव्या चकत्यांकडे आणि नितळ पाण्याकडे आळीपाळीने बघत राहिली.