ऑगस्टमध्ये उघडणारी दारे

स्पेनमधल्या लेओनच्या कॅथेड्रलसमोरून 5 ऑगस्ट 2023 रोजी पहाटे सहाला मी निघाले, तेव्हा शहरावर अजून काळोख होता आणि माझ्या मनात फक्त सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे संत याकोबाच्या समाधीचे शहर होते. तेथून सान्तियागो साधारण 310 किलोमीटर आहे आणि त्यासाठी मी पंधरा दिवस राखून ठेवले होते. आळंदी ते पंढरपूर ही वारी मी तीन वेळा केलेली असल्यामुळे पायांची चिंता नव्हती. धास्ती होती ती एकटेपणाची. आपल्या वारीत दिंडी असते, विणेकरी असतो, मुक्कामावर आपली वाट पाहणारी माणसे असतात. 'कामिनो' नावाच्या या यात्रेत पालखी नाही आणि दिंडीही नाही. दगडावर, भिंतीवर, विजेच्या खांबावर रंगवलेला पिवळा बाण दिसला की त्या दिशेने चालायचे, एवढाच तिचा नियम. मात्र ऑगस्ट हा तिथल्या गावोगावच्या जत्रांचा महिना आहे, ही गोष्ट मी नीट ध्यानात घेतलेली नव्हती आणि माझी यात्रा घडली ती त्या जत्रांमुळेच.

स्पेनचे उन्हाळी उत्सव म्हटले की आपल्यापुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक पाम्प्लोनाच्या गल्ल्यांतून माणसांच्या मागे धावणाऱ्या बैलांचे आणि दुसरे बुन्योल गावातल्या टोमॅटोच्या चिखलाचे. पाम्प्लोना याच यात्रामार्गावर, पण लेओनच्या बरेच आधी लागते. तिथे 6 जुलैला दुपारी बारा वाजता नगरपालिकेच्या सज्जातून रॉकेट उडते आणि 7 ते 14 जुलै रोज सकाळी आठला बैल सोडले जातात. मला तो प्रकार पाहवला नसता, हे स्पष्टच सांगते. पण सान फेर्मीनच्या त्या उत्सवाच्या इतिहासातली एक गोष्ट मला पुढे वारंवार आठवत राहिली. हा उत्सव पूर्वी ऑक्टोबरात होत असे आणि हवामान सोसेना म्हणून 1591 साली तो जुलैत आणला गेला. आपल्या संताचा दिवस माणसांच्या सोयीने पुढेमागे करण्याची ही रीत तिथे इतकी जुनी आहे.

लेओननंतरचे पहिले दोन दिवस सपाट, उन्हाने भाजून निघालेला मुलूख आहे. गव्हाची कापणी होऊन गेलेली असते आणि शेतात नुसते पिवळे खुंट उरलेले असतात. गावे लहान असून त्यांतली कितीतरी घरे बंद दिसतात, पण या बंद गावांच्या रस्त्यांवरून रंगीत कागदी पताकांच्या माळा ताणायला सुरुवात झाली होती. चर्चच्या दारावर आणि बारच्या काचेवर उत्सवाची कार्यक्रमपत्रिका चिकटवलेली असे. प्रार्थना किती वाजता, मिरवणूक कधी, मुलांचे खेळ कुठे, रात्री कोणता वाद्यवृंद, असा सगळा तपशील तीत असे आणि खाली गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती. या पत्रिकेमागे गावाची एक उत्सव समिती असते. समितीतली माणसे दारोदार फिरून वर्गणी गोळा करतात, जमाखर्च सांभाळतात आणि लोकांची बोलणीही खातात. हे मला एका बारवाल्याने सांगितले, तेव्हा मी त्याला म्हणाले की, यातले काहीच मला नवीन नाही.

ही सारी धामधूम ऑगस्टमध्येच का, याचे उत्तर त्या बंद घरांत आहे. गेल्या शतकात स्पेनच्या खेड्यांतली माणसे माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ या शहरांत गेली, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये गेली, आणि सान्तियागो ज्या प्रांतात आहे त्या गॅलिसियातली तर त्याही आधीपासून अर्जेंटिना व क्युबात गेली. अर्जेंटिनात आजही कुठल्याही स्पॅनिश माणसाला 'गायेगो', म्हणजे गॅलिसियाचा, असेच म्हणतात. बाहेर गेलेल्या या लोकांना सुटी मिळते ती ऑगस्टात, म्हणून कित्येक गावांनी आपल्या ग्रामसंताचा थंडीतला दिवस उचलून ऑगस्टमध्ये आणला. त्यातच 15 ऑगस्टचा मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण देशभर सुटीचा असतो आणि लगेच 16 ऑगस्टला सान रोके, म्हणजे संत रॉक, यांचा दिवस येतो. हे दोन दिवस उन्हाळ्याचा मध्यबिंदू होऊन बसले आहेत. आमचे संगमेश्वर तालुक्यातले घरही गणपतीपुरते उघडत असे आणि वडील गेल्यापासून तेही उघडत नाही. त्यामुळे त्या पताका पाहताना मी नुसती प्रवासी राहू शकले नाही.

आस्तोर्गानंतर डोंगर लागतो. त्या भागाला मारागातेरिया म्हणतात आणि तिथला वादक एका हाताने तीन भोकांची बासरी वाजवत दुसऱ्या हाताने काखेला अडकवलेला ढोल वाजवतो. एका गावच्या चौकात त्याचा सराव चालला होता, तो मी पाठीवरचे ओझे न उतरवता अर्धा तास ऐकला. पुढे क्रुस दे फेर्रोच्या उंच खांबापाशी, जिथे यात्रेकरू घरून आणलेला दगड टाकतात, मी संगमेश्वरच्या नदीतला एक गोटा ठेवला. ओ सेब्रेइरो ही गॅलिसियातली पहिली वस्ती. त्या पिवळ्या बाणांची सुरुवात करणारे धर्मगुरू एलियास वालिन्या याच वस्तीच्या चर्चचे, आणि त्यांचा अर्धपुतळा चर्चजवळ आहे. त्याला हात जोडून मी उतरणीला लागले.

दहाव्या दिवसाचा मुक्काम, म्हणजे महिन्याच्या 14 तारखेचा, पोर्तोमारीनला पडला. 1960 च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली जुने गाव गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी आपले चर्च दगडादगडाने उतरवून वर टेकडीवर पुन्हा उभे केले. दगडांवर घातलेले आकडे अजून वाचता येतात आणि मी भिंतीशी उभी राहून ते बोटाने गिरवले.

पंधरा तारखेला सकाळी पोर्तोमारीन सोडले, तेव्हा दाट धुके होते आणि दहा पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. चढ संपता संपता समोरून कुठूनतरी धडाम् असा आवाज आला, पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. माझ्या पुढे चालणारे जर्मन जोडपे दचकून थांबले. त्या भागात उत्सवाच्या दिवशी पहाटे आकाशात बार उडवून पंचक्रोशीला वर्दी देण्याची पद्धत आहे. धुक्यामुळे दिशा कळत नव्हती, पण एका टेकडीवरून बार झाला की थोड्या वेळाने दुसऱ्या टेकडीवरून त्याला जबाब मिळे, म्हणजे त्या पांढऱ्या पडद्यामागे दोनतीन गावे एकाच वेळी सणाला जागी होत होती.

साडेदहाच्या सुमारास मी अशाच एका वाडीत पोहोचले. पंधरावीस घरे, खांबांवर उभी असलेली दगडी धान्यकोठारे, ओक वृक्षांच्या सावलीत लहानसे चर्च आणि एक खासगी धर्मशाळा, एवढीच ती वाडी. चार वादक दारोदार फिरत होते. दोघांकडे गाइता, म्हणजे कातडी पिशवीची तिथली बॅगपाइप, एकाकडे लहान ढोल आणि एकाकडे मोठा. ज्या घरापुढे ते थांबत, तिथून कोणीतरी बाहेर येऊन त्यांच्या हातात दारूचा लहान पेला आणि केकचा तुकडा देई, एक गत पूर्ण वाजवून होई आणि ते पुढे जात. मला त्या दिवशी आणखी दहा किलोमीटर चालायचे होते. मी धर्मशाळेत शिरले, पाठपिशवी खाली ठेवली आणि यात्रेकरूला मिळणाऱ्या पारपत्रावर शिक्का मारून घेऊन तिथेच राहिले.

प्रार्थना गॅलिसियन भाषेत झाली. नंतर मारियामातेची मूर्ती आठ जणांनी खांद्यावर घेऊन बाहेर आणली आणि घंटा वाजू लागली. मिरवणूक लांब नव्हती, चर्चला एक फेरा एवढीच. पण त्या भागात चर्चच्या आवारातच गावची दफनभूमी असते, भिंतीत कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यावर घराण्याचे नाव कोरलेले असते. त्या कप्प्यांपुढे ताजी फुले ठेवलेली होती, दगड घासून पुसून स्वच्छ केलेले होते. मूर्ती त्यांच्यासमोरून अगदी सावकाश नेली गेली. खांद्यावर दांडा घेतलेला एक तरुण एका कप्प्यापाशी आला, तेव्हा त्याने मोकळा हात उचलून तळवा दगडावर टेकवला आणि पाऊल न चुकवता पुढे गेला. माझ्या मागून चालणाऱ्या एका आजींनी ते पाहिले आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या नातीने मला इंग्रजीतून सांगितले की, तो आजींचा धाकटा नातू, ज्यूरिकला असतो आणि त्या कप्प्यात त्याचे आजोबा आहेत.

दुपारी त्या आजींनी मला जेवायला नेले. मी आढेवेढे घेतले, तर नात म्हणाली की, सणाच्या दिवशी दारावरून यात्रेकरू उपाशी गेलेला आजीला चालत नाही. जेवणाआधी चौकात वाद्यवृंद वाजत होता आणि माणसे हातात वेर्मूत या मद्याचे पेले घेऊन उन्हात उभ्याने गप्पा मारत होती. गॅलिसियात या दुपारच्या बैठकीला 'वेर्मू सत्र' असेच म्हणतात. घरी पंगत बसली ती तीन वाजता, आणि ती उठायला सहा वाजले. एका टेबलावर वीस माणसे होती. मी मांस खात नाही हे कळल्यावर आजी उठल्या आणि त्यांनी माझ्यासाठी बटाट्याचे जाड आम्लेट आणि पाद्रोनच्या मिरच्या तळल्या. बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या, वर जाडे मीठ. काही तिखट लागतात, बहुतेक लागत नाहीत आणि कोणती लागेल ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. मला तिखट लागली तेव्हा अख्खे टेबल माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी शांतपणे दुसरी उचलली, तशी आजींनी टाळ्या वाजवल्या.

ते घर वर्षातले अकरा महिने बंद असते. आजी लुगो शहरात मुलीकडे राहतात. जुलै संपता संपता त्या येतात, खिडक्या उघडतात, गाद्या उन्हात घालतात आणि मग एकेक करून सगळे गोळा होतात. ऑगस्ट संपला की पुन्हा कुलूप लागते. त्या कुलपाची वीतभर लांब लोखंडी किल्ली त्यांनी एप्रनच्या खिशातून काढून मला दाखवली. तिची मूठ वापराने गुळगुळीत झाली होती आणि तिला लाल लोकरीचा दोरा बांधलेला होता.

यात्रेकरूंच्या धर्मशाळा रात्री दहाला दार लावतात आणि गावची रात्रीची नाचगाणी सुरू होतात अकराला. त्या रात्री धर्मशाळेच्या बाईंनी दाराला दगड लावून ठेवला आणि म्हणाल्या की, आज कोणी झोपणार नाही, तेव्हा उगाच प्रयत्न करू नका. संध्याकाळी एक मोठा ट्रक आला होता, त्याची एक बाजू उघडून खाली आली आणि तिचाच रंगमंच झाला. दिव्यांनी ओकची पाने पांढरी दिसू लागली. पासोदोब्ले हा जोडीने करायचा स्पॅनिश नाच सुरू झाला आणि सगळ्यात आधी मैदानात उतरली ती म्हातारी माणसे, पाठ ताठ, पावले अचूक. ज्यांचे पती हयात नव्हते त्या बायका एकमेकींना धरून नाचत होत्या. लहान मुले दोन खुर्च्या जोडून झोपली होती आणि त्यांच्या अंगावर कुणाकुणाचे स्वेटर होते. आजींनी मला ओढून नेले. मला ते नाच येत नव्हते, पण फुगडी येत होती, आणि रात्री एक वाजता मी, आजींची नात आणि एक इटालियन यात्रेकरू अशा आम्ही तिघी फुगडी खेळलो.

दुसऱ्या दिवशी मी चाललेच नाही, कारण सान रोकेची मिरवणूक होती. परंपरेप्रमाणे हे संत फ्रान्समधल्या माँपेलिएचे. रोमच्या यात्रेला निघालेल्या रोके यांनी वाटेत प्लेगच्या रुग्णांची सेवा केली, त्यात त्यांनाच प्लेग झाला आणि ते रानात जाऊन पडले असता एका कुत्र्याने रोज भाकरी आणून त्यांना जगवले. प्लेगच्या काळात गावोगाव त्यांना नवस बोलले गेले, म्हणून त्यांची देवळे सर्वत्र आहेत. आपल्याकडे साथीच्या दिवसांत मरीआईला गाऱ्हाणे घालत, त्याचीच आठवण मला झाली. पण मूर्ती बाहेर आली आणि मी चकित झाले. अंगावर प्रवासी झगा, हातात काठी, काठीला पाण्याचा भोपळा आणि खांद्यावर शिंपला, म्हणजे अगदी माझ्या पाठपिशवीला बांधलेला होता तसाच यात्रेकरूचा शिंपला. एका हाताने झगा उचलून संत मांडीवरची जखम दाखवत होते. पायाशी कुत्रा होता, त्याच्या तोंडातल्या पावाचा रंग उडून आतले लाकूड उघडे पडले होते, कारण मुले जाता येता त्याला हात लावत होती. समितीच्या एका माणसाने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या आम्हा यात्रेकरूंना हाताने खूण केली आणि आम्हाला मूर्तीच्या लगेच मागे चालायला जागा दिली. घरी परतलेल्या त्या सगळ्या माणसांच्या पुढे त्या सकाळी आम्ही घर सोडून आलेले सातआठ जण चाललो.

मेलिदेला पोहोचले ती 17 तारीख. तिथेही सान रोकेचे देऊळ आहे आणि त्याच्या शेजारी चौदाव्या शतकातला दगडी क्रूस, जो गॅलिसियातला सर्वांत जुना मानला जातो. नंतरचे तीन दिवस निलगिरीच्या वनांतून गेले. वाटेवरच्या एका घरापुढे सामान गाडीत भरले जात होते आणि एक मुलगा रडत होता.

वीस तारखेला दुपारी मी सान्तियागोच्या कॅथेड्रलपुढच्या ओब्रादोइरो चौकात शिरले. कमानीखाली एक माणूस गाइता वाजवत होता. कॅथेड्रलकडे पाहत मी बराच वेळ फरशीवर बसून राहिले, आत जाऊन संत याकोबाच्या समाधीपुढे माथा टेकला आणि बाहेर येऊन चुलतभावाला फोन लावला. गणपती त्या वर्षी 19 सप्टेंबरला होते. गावच्या घराची किल्ली कोणाकडे आहे, असे मी त्याला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे ताई, पण कुलूप गंजलं असेल. येताना तेल घेऊन ये."