नाक, डोकं आणि एक जुनी दाढ

मी पहिलीला शिकवते. जिल्हा परिषदेची शाळा, वाळवा तालुका, वर्गात ३४ पोरं. हे आधीच सांगते कारण आवाज बसला तर दुसऱ्या कुणाचं एक वेळ चालतं, पहिलीच्या बाईंचं नाही चालत.

सुरुवात गणपतीत झाली, साधी सर्दी. घरात सगळ्यांना झाली, सगळ्यांची गेली, माझी राहिली. नाक चोंदलेलं, घशात मागून सतत काहीतरी उतरतंय आणि मी आपली खाकरतेय, आणि डोकं. डोकं म्हणजे उजव्या डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडात, सकाळी उठलं की जड आणि वाकलं की ठणका. पोरांच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकले की गालात कुणीतरी पाण्याची पिशवी हलवतंय असं वाटायचं.

आणि एक घाण वास यायचा, कुजल्यासारखा. मी ह्यांना म्हटलं उंदीर मेलाय कुठंतरी. ह्यांनी बिचाऱ्यांनी फ्रीज सरकवला, माळा उपसला, मोरीत फिनेल ओतलं. उंदीर नव्हताच, वास माझ्याच नाकात होता. हे मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नाही, लाज वाटली.

गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं, संपल्या की परत सुरू, परत पाच दिवस. असं तीनदा. तुम्हाला सायनस आहे म्हणाले. आता सायनस सगळ्यांनाच असतात, गालात, कपाळात, डोळ्यांच्या मधे अशा हवेच्या पोकळ्या असतात त्या, आजार म्हणजे त्यांना सूज येऊन तोंड बंद होणं. पण आपल्याकडे सायनस आहे म्हटलं की झालं, समोरचा मान डोलावतो आणि त्यालापण आहे म्हणतो. स्टाफरूममधे आम्ही पाचात तिघी निघालो.

घरगुती सगळं झालं. आईंनी (माझ्या सासूबाई) ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, सुंठीचा लेप लावला तर गालाची कातडीच लाल झाली. दही सोडलं, केळं सोडलं. वाफ घेतली की अर्धा तास बरं वाटायचं, तेवढंच.

मग मेडिकलवाल्यानं नाकात घालायचे थेंब दिले आणि मी तिथं फसले. दोन मिनिटांत नाक मोकळं, काय सुख! चार तासांनी परत बंद, मग परत दोन थेंब. एक बाटली उशीखाली, एक पर्समधे, एक शाळेच्या ड्रॉवरमधे. दोन महिने घातले. हे थेंब आठवड्याच्या वर घालायचे नसतात, नाक उलट जास्त सुजतं आणि थेंबाशिवाय उघडतच नाही, हे मला नंतर कळलं.

दिवाळीच्या तोंडावर मला कसलाच वास येईना. कळलं कसं, तर मी ओट्याशीच उभी राहून लाडू वळत होते आणि मागं दूध करपून पातेल्याला काळं झालं, आई बाहेरच्या खोलीतून ओरडत आल्या तेव्हा मागं वळून बघितलं. गॅस गळत असता तर? त्या दिवसापासून रात्री रेग्युलेटर बंद केलाय का ते मी दोनदा बघायला लागले. जिभेला गोड, खारट, आंबट कळत होतं, तिखटानं जीभ पोळत होती, पण चव म्हणून जे असतं ते नाही. फोडणीचं वरण आणि गरम मिठाचं पाणी सारखंच. कारखान्याचा सीझन सुरू झाला, वारं आमच्याकडं असलं की मळीचा वास घरात भरतो, हे खिडक्या लावत फिरायचे आणि मी विचारायची, का लावताय?

नोव्हेंबर संपताना आवाज बसला, नुसता बसला नाही, गेलाच. परिपाठाला उभी राहिले आणि तोंडातून हवा. मग वर्गात कुजबुजत शिकवायला लागले आणि गंमत म्हणजे ३४ पोरं पण कुजबुजायला लागली. बाई, शूला जाऊ का, हे पण कानाशी येऊन. मुख्याध्यापक सर दारात थांबले, त्यांना वाटलं वर्ग रिकामा आहे. नऊ वर्षांत माझा वर्ग इतका शांत कधी नव्हता.

शेवटी ह्यांनी मिरजेला नेलं, नाक-कान-घशाच्या डॉक्टर बाई. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दोन्ही बाजूंना दुखतं का एका? मी म्हटलं उजवीकडंच. घाण वास? मी ह्यांच्याकडं बघितलं, हे म्हणाले, उंदीर! डॉक्टर हसल्या नाहीत, म्हणाल्या वरच्या दाढेचं कधी काम केलंय? केलं होतं, चार वर्षांपूर्वी, उजवीकडं वर, रूट कॅनल आणि वर कॅप. विसरूनसुद्धा गेले होते.

नाकातून दुर्बीण घातली (दुखत नाही, शिंक येईल येईल असं वाटत राहतं), नंतर सीटी स्कॅन. स्क्रीनवर डाव्या गालातली पोकळी काळी, म्हणजे हवा. उजवी पूर्ण राखाडी, भरलेली, आणि तिच्या तळाला माझ्या दाढेचं मूळ टेकलेलं. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या अगदी लगत असतात, काहींची तर आतच घुसलेली असतात. माझ्या मुळाच्या टोकाला पू होता, तो वर झिरपत होता. दाढ मात्र एकदाही दुखली नाही. दाढ तशीच ठेवून गोळ्या खाल्ल्या तर पाच दिवस बरं वाटणार आणि परत येणारच होतं. मग डावी नाकपुडी का बंद, तर तिकडं नाकातलं हाड थोडं वाकडं आणि वर माझ्या थेंबांची कृपा. म्हणून वास दोन्हीकडून गेला. आवाज घशात उतरणाऱ्या घाणीनं आणि माझ्या खाकरण्यानं. आणि कुजबुजण्यानं पण! मी समजत होते आवाजाला विश्रांती देतेय, डॉक्टर म्हणाल्या कुजबुजताना स्वरयंत्रावर ताणच येतो, त्यापेक्षा गप्प बसा. दहा दिवस रजा काढून पाटीवर लिहून संसार केला.

थेंब बंद. ते पहिले आठ दिवस मी कुणालाही सांगू नये, रात्रभर बसून तोंडानं श्वास. त्याऐवजी स्टेरॉइडचा स्प्रे, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या, स्प्रेचं तोंड बाहेर कानाच्या दिशेला आणि जोरात ओढायचं नाही. मी आधी सरळ वर मारून हुंगायची, सगळं औषध घशात. आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक सपाट छोटा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नळाचं तसंच घ्यायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

दाढेच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या, परत रूट कॅनल किंवा काढणं. मुळाला चीर होती म्हणून काढली. काढल्यावर तोंडातून पोकळीत भोक राहू शकतं, त्यामुळं पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. पहिलीच्या वर्गात रोज दोन-चार सर्द्या असतात, मला शिंकेचीच भीती बसली.

तरी पोकळी भरलेलीच राहिली, तिचं तोंडच सुजून बंद झालं होतं. जानेवारीत दुर्बिणीनं ऑपरेशन केलं, नाकातूनच, बाहेर टाका नाही. मला भूल दिली तेवढं आठवतं. नंतर नाकात बोळे, दोन दिवस, ते सगळ्यात वाईट. बोळे काढले आणि उजव्या बाजूनं थंड हवा आत गेली, पाच महिन्यांनी.

वास मात्र लगेच आला नाही. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी एकेक करून हुंगायला सांगितलं, तीन महिने, आणि हुंगताना तो वास आठवायचा. आधी लवंग आली, मग एका शनिवारी मळी. मी ओरडले, खिडकी लावा! हे धावत आले.

आता डोकं दुखत नाही, आवाज आहे, दुपारनंतर थोडा घोगरा होतो. गुलाब अजून अर्धाच येतो, मोगरा येतो, हे असं का ते मला माहीत नाही. दाढेच्या जागी काय बसवायचं ते ठरायचंय, आधी मेडिकलचं बिल मंजूर होऊ दे, फाईल पंचायत समितीत आहे. तोपर्यंत शेंगदाण्याची चिक्की डावीकडून.