गळ्यावरचा व्रण आणि पिवळा लेझर

थायरॉइडच्या ऑपरेशनचा व्रण अजून लालभडक दिसतो, म्हणून आज त्वचारोगतज्ज्ञांकडे लेझर करून आले. डोळ्यांवर जाड गॉगल, गळ्यावर गार फवारा आणि लगेच रबरबँड फटकन बसावा तसा चटका. आटोपलं पण पटकन.

हा पल्स्ड डाय लेझर, ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, व्रणातल्या बारीक रक्तवाहिन्या तापून बंद होतात आणि लाली उतरत जाते. "व्रण पांढरा पडला असता तर याचा फारसा उपयोग नव्हता," मॅडम म्हणाल्या. तो पूर्ण पुसला जाणार नाही, हेही आधीच सांगून टाकलं. बरं केलं, उगाच आशा नको.

आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनसुद्धा हाच प्रकाश खातं, त्यामुळे डाग काळा पडायची भीती. म्हणून पॉवर बेताची ठेवली आणि सनस्क्रीन सक्तीचं.

आत्ता गळ्यावर जांभळे ठिपके उठलेत. सासूबाई हळदीची वाटी घेऊन आल्या होत्या, त्यांना कसंबसं थोपवलंय. उद्या ऑफिसात "गळ्याला काय झालं गं?" विचारणाऱ्यांनी कृपया हीच पोस्ट वाचावी.