तर्री तीच, तेल कमी: चौदा आठवड्यांची वही

आज सकाळी काटा ८२.३ वर. जूनच्या मध्याला सुरुवात केली तेव्हा ८८.६ होता. मधले तीन आठवडे तो जागचा हलला नाही आणि गणपतीत सातशे ग्रॅम वर गेला, हेही वहीत आहे. व्यायामाच्या नावाने स्टेशनपर्यंत रिक्षा सोडून चालणं, बस्स. बाकीचा सगळा खेळ स्वयंपाकघरातला.

ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: मला सॅलड जमत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा रात्री अकराला फरसाणाच्या डब्यापाशी सापडलो. म्हणून ठरवलं, खायचं तेच खायचं. मिसळ, वडा, कोथिंबीर वडी, खिचडी, श्रीखंड. फक्त तेल आणि साखर नेमकी कुठे उपयोगी पडते आणि कुठे नुसती जिरते, ते शोधायचं.

पहिल्या आठवड्यात एकच बदल केला. तेल थेट बरणीतून ओतणं बंद, चमच्याने मोजून घालायचं. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे चमच्याला चाळीस. आमच्या घरी मिसळीच्या पातेल्यात अंदाजाने पडणारं तेल वजनकाट्यावर धरलं तर ११० ग्रॅम निघालं. पाच जणांत वाटलं तरी माणशी दोनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या, मटकी आणि पाव वेगळे. आई म्हणाली, "अरे, मिसळ म्हणजे तेल लागणारच." तिचं खरंच आहे. पण किती लागणार आणि कधी लागणार, हे आम्ही कुणी कधी तपासलं नव्हतं.

सहा रविवार मिसळीवर घातले, त्यामुळे तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

वाटणासाठी कांदा तेलात परतायचा नाही, सालासकट थेट गॅसवर ठेवून काळा होईपर्यंत भाजायचा. सुक्या खोबऱ्याचे काप कोरड्या तव्यावर. खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेलच असतं, ते तापलं की स्वतःचंच तेल सोडतं. त्यामुळे खोबरंही मोजून, पाच जणांना २० ग्रॅम, जास्त नाही. आलं-लसूण, धणे, तीळ नेहमीप्रमाणे. हे वाटण एक चमचा तेलावर टाकायचं आणि चिकटायला लागलं की गरम पाण्याचा हबका मारायचा. परत आटवायचं, परत हबका. दहा-बारा मिनिटं लागतात आणि कंटाळा येतो, पण कच्चा वास गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे घाई केली की कटाला उग्र वास राहतो आणि दोष बिचाऱ्या कमी तेलाला लागतो.

खरी गंमत शेवटी. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. मग ते तेल सुरुवातीला घालून तासभर उकळवायचं कशाला? कट तयार झाल्यावर कढल्यात तीन चमचे तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि मग बेडगी मिरचीची पूड व हिंग. पहिल्यांदा मी थांबलो नाही. पूड करपली, तेल तपकिरी झालं आणि मिसळ कडू. दुसऱ्या रविवारी रंग आला, पण पातेल्यात ओतल्यामुळे पहिल्या दोघांना तर्री आणि उरलेल्यांना गढूळ पाणी. तिसऱ्या रविवारपासून फोडणी वेगळ्या वाटीत ठेवतो आणि वाढताना प्रत्येकाच्या ताटलीत वरून अर्ध्या चमच्यापेक्षा थोडी जास्त घालतो. ढवळायचं नाही. वास आधी नाकात, रंग आधी डोळ्यांत. पूर्वी ११० ग्रॅम लागायचं, आता एकूण १८ ग्रॅम. भावाला सांगितलं नव्हतं. तो दुसऱ्यांदा तर्री मागून गेला.

फरसाणाचं मात्र हसं झालं. चुरमुरे घातले, दुसऱ्या घासाला लगदा. भाजलेले पातळ पोहे, त्यांचंही तेच. शेवटी निम्मे फुटाणे आणि १५ ग्रॅम जाड शेव, तीही वाढल्यावर अगदी शेवटी, असं ठरलं. फुटाणे रश्श्यात बराच वेळ टणक राहतात.

आता बटाटेवडा. एअर फ्रायर शेजारून आणला होता. ओल्या पिठात बुडवलेला वडा जाळीवर ठेवला आणि पाच मिनिटांत पीठ खाली, बटाटा उघडा. मुलगी म्हणाली, "बाबा, याला टॉवेल द्या." कारण सरळ आहे. कढईत पडताक्षणी पिठाला चहूबाजूंनी तापलेलं तेल भिडतं आणि कवच आवळून येतं. नुसत्या गरम हवेला ते तितक्या झटकन जमत नाही. पीठ घट्ट करून अप्पेपात्रात केले तर पाव चमचा तेलात खमंग होतात, पण आईने पहिल्याच घासाला निकाल दिला: "छान आहे. वडा नाही, आप्पा आहे." मी वाद घातला नाही.

त्याऐवजी उलट बाजूने मोजलं. खरे वडे तळले आणि तळण्याआधी व नंतर तेल गार करून कढईचं वजन केलं. नऊ वड्यांत ७६ ग्रॅम तेल गेलं, म्हणजे एकाला आठ ग्रॅमच्या जरा वर, पंचाहत्तर कॅलरी. मला वाटलं होतं दुप्पट असेल. (थोडं तेल टिपकागदावरही गेलं, म्हणजे पोटात याहून कमीच.) पाव मात्र ४८ ग्रॅमचा निघाला, सव्वाशेच्या वर. तेव्हापासून महिन्यातून एकदा खरा तळलेला वडा, लसणाच्या चटणीबरोबर, पावाशिवाय. डोंबिवलीत पावसाळ्यात वड्याचा वास टाळून घरी पोचणं अशक्य आहे, तेव्हा हा तह मला परवडतो.

कोथिंबीर वडीला काहीच त्रास नाही. ती आधी उकडलेलीच असते, तेलाचं काम फक्त कडा कुरकुरीत करण्यापुरतं. वाफवलेला उंडा पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे कापताना भुगा होत नाही. मग पातळ वड्या, बिडाचा तवा, बारा वड्यांना दोन चमचे तेल, वरून तीळ. तळलेलीपेक्षा मला हीच आवडायला लागली आहे. बेसनात थोडं ज्वारीचं पीठ घातलं तर कडा अजून चांगल्या होतात.

साबुदाण्याच्या खिचडीपुढे मी हात टेकले. आषाढी एकादशीला कूट निम्मं केलं, तूप निम्मं केलं आणि परातीत एक अख्खा चिकट गोळा निघाला. कूट तिथे फक्त चवीला नसतं. दाण्यांच्या मधे बसून ते ओल शोषतं आणि त्यातल्या तेलाने दाणा सुटा राहतो. ते काढलं की साबुदाण्याकडे स्टार्चशिवाय काही उरत नाही. काकडी घालून पाहिली, आणखी पाणी सुटलं. आता खिचडी पूर्ण कूट-तुपाची, पण लहान वाटीत, आणि बाजूला मोठा वाडगा ताक आणि काकडीची कोशिंबीर. ज्यांना हलकी खिचडी जमली असेल त्यांनी कृपया प्रमाण कळवा. भगर सुचवू नका, भगर ही भगर आहे.

गणपतीत उकडीच्या मोदकांना हात लावला नाही. म्हणजे कृतीला. मोदकांना भरपूर लावला, ते सातशे ग्रॅम तिथलेच.

सध्या दसऱ्याच्या श्रीखंडाची तालीम चालू आहे. आमच्याकडे चक्क्याइतकीच साखर पडते. ती नुसती कमी केली तर श्रीखंड आंबट लागतं, कारण इतकी साखर चक्क्याच्या आंबटपणाला झाकायलाच पडते. म्हणजे आधी आंबटपणा कमी करायचा. विरजण ताजं आणि थोडं, दही जेमतेम लागलं की लगेच फडक्यात, आणि फडकं खुंटीवर न टांगता चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये. या दमट हवेत बाहेर टांगलं की रात्रीतून आंबतं. दूध फुल क्रीमऐवजी टोन्ड, म्हणजे सहा टक्क्यांऐवजी तीन टक्के स्निग्धांश. दोन लिटरचा साधारण ७०० ग्रॅम चक्का निघाला, त्यात ३५० ग्रॅम पिठीसाखर. चव पुरेशी गोड, पण पोत रवाळ आला. पुरणयंत्रातून दोनदा काढल्यावर बराच मऊ झाला, तरी फुल क्रीमची ती गुळगुळीत लकाकी नाही. केशर दुधात न भिजवता, किंचित गरम करून चुरडून वरून घातलं. वास त्यानेच जास्त येतो.

दुसरी खेप आत्ता फ्रिजमध्ये निथळते आहे: दीड लिटर टोन्ड, अर्धा लिटर फुल क्रीम, साखर ३२० ग्रॅमवर आणून बघणार. उद्या दुपारी आईला काही न सांगता वाढायचं आहे. मुलीने मात्र तोंड उघडायची धमकी दिली आहे, गप्प बसायचे दोन वडे मागते आहे.