मस्टँग घोडी घरी आणताना

अमेरिकेत मस्टँग, म्हणजे तिथला रानटी घोडा, दत्तक घ्यायचा तर आधी कुंपण, मग घोडा. सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे अर्ज करताना आवारात काय काय सोय आहे ते लिहून द्यावं लागतं. एका जनावरामागे किमान 400 चौरस फूट जागा, निवाऱ्याला छप्पर, काटेरी तार अजिबात नको. आणि माणसाचा हात न लागलेला मोठा घोडा असेल तर कुंपण 6 फूट उंच. आम्ही टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या बाहेर राहतो, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. लोखंडी पॅनेल आणून उभी केली. नाशिकहून आईने ती व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि म्हणाली, "अगं, हे घोड्याला आत ठेवायला की तुम्हाला बाहेर?"

प्रश्न रास्तच होता. मी बरीच वर्षं रपेट करते, पण रानातून धरून आणलेला घोडा शिकवणं हे माझं काम नव्हे. म्हणून आम्ही ट्रेनरने स्पर्धेसाठी शिकवलेला घोडा घ्यायचं ठरवलं.

या स्पर्धा का निघाल्या ते थोडक्यात सांगते. 1971 च्या कायद्याने मस्टँग घोड्यांना संरक्षण मिळालं, तसे कळप वाढत गेले. 2020 मध्ये पश्चिमेकडच्या सरकारी माळरानांवर रानटी घोडे आणि गाढवं मिळून सुमारे 95,000 जनावरं होती. सरकारच्या हिशेबाने तिथे सुमारे 27,000 पेक्षा जास्त राहायला नकोत. जास्तीची धरून कोंडवाड्यात ठेवतात, पण बुजलेलं, लाथा झाडणारं जनावर नेणार कोण? यावर तोडगा म्हणून मस्टँग हेरिटेज फाउंडेशनने 2007 मध्ये फोर्ट वर्थलाच 'एक्स्ट्रीम मस्टँग मेकओव्हर' सुरू केली. ट्रेनरला कोरा घोडा द्यायचा, शिकवायला साधारण 100 दिवस, मग स्पर्धा आणि शेवटी लिलाव.

अंतिम फेरी म्हणजे निव्वळ तमाशा असतो, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. संगीत, झगमगीत कपडे, झेंडे, खोट्या बंदुकांचे बार. कोणी घोड्याच्या पाठीवर ताठ उभा राहतो. लोक शिट्ट्या मारतात आणि लिलावात नेमक्या त्याच घोड्यांवर बोली चढते. घरी मात्र पाठीवर उभं कोण राहणार आहे? आम्ही आधीच्या फेऱ्या नीट पाहिल्या. म्होरकी चढवताना मान वर जाते का, चारी पाय उचलू देतो का, ट्रेलरमध्ये न ओढता चढतो का. नेवाडातली एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या अयाळीची, घोडी यात शांत होती. अंतिम दहांत ती आली नाही आणि त्यामुळेच आम्हाला परवडली.

तिच्या मानेवर डाव्या बाजूला, अयाळीखाली, पांढऱ्या कोनांची एक ओळ आहे. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेल्या ठशाने ती उमटवतात. त्या जागी केस पांढरे उगवतात. त्या कोनांत अंदाजे जन्मसाल आणि नोंदणी क्रमांक असतो. मुलीने तक्ता समोर ठेवून ती वाचायला शिकून घेतली आणि आता येईल त्या पाहुण्याला वाचून दाखवते.

घोडी ताब्यात देताना ट्रेनरबाई रडत होत्या, पण सूचना अगदी चोख दिल्या. "तिच्या उजवीकडून टोपी काढू नका. आणि तिला सगळं येतं असं समजू नका, तिला माझ्याबरोबर सगळं येतं."

याचा अर्थ घरी आल्यावर लगेच कळला. ट्रेलरमधून शहाण्यासारखी उतरली, पण मोकळी सोडल्यावर जवळ येईना. गाजर पुढे केलं तर हुंगलं आणि सोडून दिलं. माळरानावर वाढलेल्या जनावराला गाजर कुठून माहीत? मग रोजचा एकच धडा: मी चालत जायचं, तिचा कान माझ्याकडे वळला की थांबून पाठ फिरवायची. दबाव सुटला हेच तिचं बक्षीस. डाव्या बाजूने खरारा करू द्यायला लागली, तरी उजवीकडे तोच ब्रश दिसला की अंग थरथरायचं. घोड्याला डावीकडून शिकवलेलं उजवीकडून पुन्हा शिकवावं लागतं. हे मला ऐकून माहीत होतं, पण तिच्यापाशी उभं राहिल्यावर त्याला किती धीर लागतो ते समजलं.

पहिलं वर्षभर घोडी कागदोपत्री सरकारचीच असते. विकता येत नाही, कोणाला देताही येत नाही. वर्ष झालं की तिची निगा नीट राखली आहे असं व्हेटकडून लिहून घ्यायचं, अर्ज पाठवायचा आणि मग मालकीचा दाखला येतो. त्यात काही अवघड नाही. आमचाही आला.

नालबंदाचं काम मात्र अजून लांबतं. पुढचे दोन्ही पाय आणि मागचा डावा ती मुकाट देते. मागच्या उजव्याला त्याने हात लावला की आधी मागे वळून मला शोधते, म्हणून तो येणार असेल त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जाते.