काटा, वही आणि बँकेचा हप्ता: आमच्या शेळी फार्मची वाटचाल

आम्ही पैदाशीचे उस्मानाबादी जातीचे बोकड आणि पाठी (तरुण माद्या) विकतो. त्यात न बसणारी करडं मटणासाठी जातात. धंदा एवढाच. पण फोन करणारे निम्म्याहून जास्त लोक बोकडाबद्दल विचारतच नाहीत. "सरकारकडून किती मिळालं?" हा पहिला प्रश्न. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतो.

गाव तुळजापूर तालुक्यात. इथे शेळी घरोघरी असते, पण ती बाईमाणसांच्या नावावर, परड्यात, अडीअडचणीला विकायची म्हणून. दादा पुण्याची नोकरी सोडून परत आले आणि शेळ्यांचं शेड बांधायचं म्हणाले तेव्हा चावडीवर बरीच करमणूक झाली. त्याच सुमारास, २०२१ साली, केंद्राचं राष्ट्रीय पशुधन अभियान नव्या रूपात आलं होतं. शेळी-मेंढी पैदाशीच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान. आधी गणित मोठंच होतं: ५०० शेळ्या, २५ बोकड, अनुदान जास्तीत जास्त ५० लाख. पुढे लहान टप्पे आले. १०० शेळ्या आणि ५ बोकडांना १० लाखांपर्यंत, २०० आणि १० ला २० लाखांपर्यंत, असं चढत. आम्ही सगळ्यात खालच्या पायरीवर बसलो. ५०० शेळ्यांना उन्हाळ्यात चारा कुठनं आणणार, असं आईने विचारलं होतं. त्याचं उत्तर आमच्याकडे आजही नाही.

अनुदान आधी हातात पडतं हा समज आधी काढून टाका. ते मागून येतं. ऑनलाइन अर्ज, प्रकल्प अहवाल, बँकेची कर्जमंजुरी, राज्याची छाननी, मग केंद्राची मंजुरी. तुमचा वाटा आणि बँकेचं कर्ज खर्ची पडायला लागतं, मग पहिला हप्ता. प्रकल्प पुरा होऊन तपासणी झाली की दुसरा. दोन्ही हप्ते सारखे. जमीन घेणं, भाडं, स्वतःची गाडी, ऑफिस यांना एक रुपया नाही. मधल्या काळात व्याज चालू असतं आणि शेळ्या खात असतात. ज्यांच्याकडे हा मधला काळ काढायची ताकद नाही त्यांनी अनुदानाच्या भरवशावर शेड बांधू नये, असं मी तोंडावर सांगतो. काहींना राग येतो.

पहिल्या बँकेत साहेबांनी फाइल उघडलीही नाही. "शेळी मेली तर वसुली कोणाकडून करायची?" म्हणाले. दुसऱ्या बँकेतल्या बाईंनी वेगळं विचारलं: घरच्या शेळ्यांना वर्षात किती करडं झाली, मेली किती, विकली तेव्हा वजन काय होतं? दादा माझ्याकडे बघायला लागले. वहिनींनी पिशवीतून शाळेची दोनशेपानी वही काढली. घरच्या शेळ्यांची प्रत्येक वेताची नोंद त्यात होती: कोणती शेळी, कधी व्याली, एक की जुळी, करडाचं वजन. बाईंनी सगळी पानं उलटली, मग प्रकल्प अहवाल बाजूला ठेवून वहीतल्याच आकड्यांवर बोलल्या. चकचकीत अहवालाला आम्ही बरेच पैसे मोजले होते, ती गोष्ट वेगळी.

ती वही म्हणजे आजही आमचा धंदा. फरक इतकाच की आता तिचं रजिस्टर झालं आहे. करडू जन्मलं की अंग कोरडं करायचं, नाळेला आयोडीन लावायचं, तासाभराच्या आत चीक पाजायचा, आणि खताच्या गोणीला चार भोकं पाडून केलेल्या झोळीत घालून टांगत्या काट्याला अडकवायचं. उस्मानाबादीचं करडू साधारण सव्वादोन-अडीच किलोचं. गोणीत पाय अडकवून ते असं ओरडतं की त्याची आई शेडचं दार फोडायला येते. मग तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याला पुन्हा वजन. पैदाशीसाठी राखायचा बोकड जुळ्यातला हवा, आईला दूध पुरेसं हवं, तिसऱ्या महिन्याचं वजन आपल्याच कळपात वरच्या फळीतलं हवं, दोन्ही वृषण सारखे हवेत. रंग काळाभोर आणि कान लोंबते ही गिऱ्हाइकाची हौस. आमच्या लेखी ती शेवटी.

वजनाचा दुसरा उपयोग बाजारात. आठवडी बाजारात अजूनही व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कंबरेला चिमटा घेतो आणि टॉवेलाखाली बोटं धरून भाव करतो. एक जुने व्यापारी आमच्याकडे आले. करडू उचलून म्हणाले, "मालक, अठराच्या वर जात नाही हे." वहिनींनी काटा पुढे केला. बावीस भरलं. "काटा तुमचा, वहिनी," म्हणून हसले, पण पैसे बावीसचे दिले. त्यानंतर मटणाचा माल आम्ही जिवंत वजनावर किलोनेच देतो.

आता आजारपण, कारण अनुदानाने आणलेला कळप इथेच बसतो. प्रकल्प लवकर पुरा दाखवायचा म्हणून लोक चार बाजारांतून शेळ्या गोळा करतात आणि एकाच दिवशी शेडमध्ये कोंबतात. त्यातली एक पीपीआर (शेळ्यांचा साथीचा रोग) घेऊन आली की ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, हगवण, आणि आठवड्यात शेड अर्धं रिकामं. आमच्याकडे बाहेरची शेळी तीन आठवडे वेगळ्या खोपटात राहते, तिचं खाणंपाणी वेगळं, तिच्याकडे जाणारं माणूसही वेगळं. पीपीआरची एक लस साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची मात्र दरवर्षी पावसाच्या आधी, आणि पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. हा आजार रोडक्या करडाला सोडतो आणि सगळ्यात गुबगुबीत, सगळ्यात जास्त खाणाऱ्याला गाठतो. पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत खाल्लं, संध्याकाळी उड्या मारत होतं, सकाळी आडवं. जंताचं औषध आम्ही तारखेवर देत नाही. खालची पापणी ओढून बघतो. लालभडक असेल तर सोडून द्यायचं, पांढुरकी दिसली की द्यायचं. सरसकट पाजत राहिलं तर जंत औषधाला दाद देईनासे होतात.

चाऱ्यात आमची जमीन आमच्या बाजूची आहे. तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं भुसकट इथे ढिगाने मिळतं. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ, पाणी असेल तेवढ्यात दशरथ घास, आणि मक्याचा मुरघास पिशव्यांत. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर देत नाही. जास्त झाली की अंगावरचे केस जातात. माजावर यायच्या आधी तीनेक आठवडे शेळीचा खुराक वाढवला तर जुळ्यांचं प्रमाण सुधारतं, हे रजिस्टरातही दिसतं. उलट बकरी ईदसाठी बोकड भराभर वाढवायचा म्हणून नुसतं धान्य कोंबणारे लोक मुतखड्याला आमंत्रण देतात. लघवी अडली की बोकड पोट ताणून उभा राहतो, आणि पुष्कळदा डॉक्टर येईपर्यंत उशीर झालेला असतो. खुराकात चुन्याचं आणि स्फुरदाचं प्रमाण जुळलेलं हवं. मुतखडा टाळायला नवसागर किती घालायचा ते पशुवैद्यकाला विचारा, मला नको.

विम्याचं एका वाक्यात सांगायचं तर कानात बिल्ला नाही तर दावा नाही. २०२४ पासून हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे, बाकी केंद्र आणि राज्य भरतात. पण ईदच्या गिऱ्हाइकाला कान फाटलेला चालत नाही. त्यामुळे पैदाशीच्या जनावराला कानात बिल्ला, ईदच्या बोकडाला गळ्यात. तो विमा न काढता जातो आणि ती जोखीम आमची.

"बोअर आहे का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेची ही मांसल जात फलटणच्या निंबकर संस्थेने १९९०च्या दशकात आपल्याकडे आणली. बोअर बोकड शंभर किलोच्या पुढे जातो हे खरं आहे. संकराचं करडू मटणाला चांगलं, पण त्याला खायलाही तसंच लागतं. दुष्काळात भुसकटावर जगून जुळी देणारी मादी हवी असेल तर ती उस्मानाबादीच. आम्ही बोअर ठेवलेला नाही.

भाचा शिकायला आयर्लंडला आहे. तिकडे मांसासाठी गायी पाळणाऱ्या शेतकऱ्याला सरकार वजन केल्याबद्दल पैसे देतं, कानाचा बारीक तुकडा जनुकीय तपासणीला पाठवल्याबद्दल देतं, आणि गुणांच्या ताऱ्यांत वरचा ठरलेला वळू वापरण्याची अट घालतं. २०१५ पासून तिथे अशा योजना एकामागून एक चालू आहेत. हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग मला मागचे किती येणे निघतात?" आपल्याकडची १० शेळ्या आणि १ बोकडाची राज्याची योजना बघा. अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के, इतरांना ५० टक्के. उस्मानाबादी शेळी ८,००० आणि बोकड १०,००० असे दर धरले आहेत. नोंदीतला, जुळ्यातला, लस झालेला बोकडही दहा हजारांचा आणि बाजारातून कान धरून आणलेलाही दहा हजारांचाच. त्या दराने नोंदीचा बोकड आम्हाला परवडत नाही, आणि लाभार्थ्याला वरचे पैसे भरणं परवडत नाही. डोकी मोजायला पैसे आहेत, काट्याला नाहीत. पशुसंवर्धन खात्यातल्या भल्या माणसांनाही हे पटतं, पण दरपत्रक त्यांच्या हातात नसतं.

म्हणून आम्ही आमच्यापुरती वाट काढली. बचत गटातल्या बायकांना बोकड विकत देण्याऐवजी फिरता देतो. दोन वर्षं त्यांच्याकडे राहतो, मग पुढच्या गावात जातो आणि त्यांना दुसऱ्या रक्ताचा मिळतो, नाहीतर बोकड स्वतःच्याच पाठींवर लागतो आणि करडं रोडावतात. मोबदला म्हणून आम्ही ठरलेली रक्कम आणि त्यांच्या करडांची वजनं घेतो. वजनं मिळवणं पैशांपेक्षा अवघड जातं. काटा फिरत असतो, एका गावी पोचेपर्यंत दुसऱ्या गावची करडं विकलेली असतात.

खेळत्या भांडवलाला किसान क्रेडिट कार्ड पशुपालकांनाही मिळतं. दोन लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं. प्रकल्पाच्या कर्जात खुराकाचे पैसे धरू नका, ते इथून काढा.

बोकड नऊ महिन्यांच्या आत देत नाही. सोबत आई-बापाचा नंबर, चारही वजनं आणि लसींच्या तारखा असलेलं कार्ड मिळतं. जून ते ऑगस्ट लांबच्या प्रवासाला जनावर गाडीत चढवत नाही. भिजलेली शेळी दोन दिवसांत न्यूमोनियाने धरली तर तुमचंही नुकसान आणि आमचंही. यायचं असेल तर सकाळी या. दुपारी शेळ्या माळावर असतात.